घरचें सुतारकाम आणि विजेचीं यंत्रें

शेतकऱ्याच्या घरीं सुतारकामाला कधींच खंड नसतो. कुऱ्हाडीचा दांडा मोडतो, गोठ्याच्या दाराची चौकट कुजते, गव्हाणीची फळी एखादें खोंड लाथेसरशी फोडतें, मधमाशांच्या पेटीला नवा तळ लागतो. पूर्वीं हीं कामें गांवचा सुतार बलुत्यावर करीत असे. बलुतें गेलें, पुष्कळ गांवांतून सुतारही शहराकडे गेला, आणि त्याची जागा दोन-तीन हजार रुपयांस मिळणाऱ्या विजेच्या यंत्रांनीं घेतली. आमच्या लहानशा गांवांत आज ग्राइंडर नाहीं असें घर शोधावें लागेल. कित्येकांकडे ड्रिल यंत्र, विजेचा रंधा व गोल करवत हींही आलीं आहेत. ही गोष्ट वाईट झाली असें आम्ही म्हणत नाहीं. वेळेवर सुतार मिळत नाहीं म्हणून पेरणी अडून बसण्यापेक्षां घरच्या घरीं काम उरकणें केव्हांही चांगलें.

आम्ही सुतार नव्हे, किंवा विद्युत्‌शास्त्राचे पदवीधरही नव्हे. सात-बाराचे उतारे व फेरफाराच्या नोंदी लिहिण्यांत आमचा जन्म गेला, आणि मराठी शाळेंत झालें तेवढेंच आमचें शिक्षण. महसूल खात्यांतून मोकळे झाल्यावर गोठ्याची एक बाजू झाडून तेथें लहानशी कामशाळा मांडली व तेथेंच लांकडाची खरी ओळख झाली. परंतु ह्या कामशाळेच्या खात्यावर एक नांवें पडलेली रक्कम आहे. ती प्रथम नमूद केल्यावांचून वाचकांस चार गोष्टी सांगण्याचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं, असें आम्ही समजतों.

चार वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्याजवळ चार इंची ग्राइंडर होता. लांकूड कापावयास म्हणून त्याला बसविण्यासाठीं एक दांतेरी पातें आम्हीं आणलें. बाजारांत अशीं पातीं बहुधा ११० मिलिमीटर व्यासाचीं मिळतात. तीं मुळांत फरशी कापण्याच्या यंत्रासारख्या यंत्रांसाठीं केलेलीं. ग्राइंडरची चकती १०० मिलिमीटरची, आणि तिच्यावर अर्धचंद्राकृति लोखंडी आच्छादन असतें, ज्याला कारागीर गार्ड म्हणतात, तें त्याच मापाचें. सबब पातें गार्डाखालीं मावेना. आम्हीं काय करावें? पाना घेऊन गार्डच काढला, आणि तो खिळ्यांच्या डब्यांत टाकून दिला. पात्याचें भोक मोठें होतें म्हणून मध्यें एक वायसर घातला. काम सुरेख होऊं लागलें. इतकें सुरेख कीं आम्हीं तें शेजारपाजाऱ्यांस कौतुकानें दाखविलें.

चैत्रांत आमचा भाचा गाईसाठीं बाभळीचा खुंटा तासावयाचा म्हणून तो ग्राइंडर मागून घेऊन गेला. आम्हींच तो त्याच्या हातीं दिला. डाव्या हातानें लांकूड धरून उजव्या हातानें तो यंत्र चालवीत होता. बाभळीच्या गांठींत दांता रुतला, यंत्र उसळलें, आणि डाव्या हाताच्या तर्जनीचीं दोन पेरें व मधल्या बोटाचें एक पेर जागेवर राहिलें नाहीं. पुढें काय झालें तें शेवटीं सांगूं, कारण त्यांतही आमच्या घरच्या मंडळींची चूक आहे. त्याच्या घरीं चार गाई. आतां डाव्या हाताची मूठ सडावर बसत नाहीं, म्हणून धार काढण्याचें काम त्याच्या बायकोकडे आलें आहे. रेशनच्या दुकानांत यंत्रावर अंगठा टेकवितो तेव्हां उरलेल्या बोटांकडे तो एकदां पाहतो. आम्हीं नोकरींत हजारों माणसांचे डाव्या अंगठ्याचे ठसे कागदावर घेतले असतील. बोट ही काय वस्तु आहे, तें आम्हांस त्या दिवसापर्यंत कळलें नव्हतें.

नंतर कारकुनी संवयीनें एक हिशेब मांडून पाहिला. चार इंची ग्राइंडर मिनिटास सुमारें ११,००० फेरे घेतो. चकतीचा परीघ ३१४ मिलिमीटर. म्हणजे तिच्या कडेचा प्रत्येक बिंदु मिनिटास जवळजवळ ३,४५० मीटर, तासास दोनशें किलोमीटरांहून अधिक धांवतो. कांहीं लागलें हें कळून हात मागें घेण्यास चांगल्या धडधाकट माणसासही सेकंदाचा पांचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्या अवकाशांत चकतीचे छत्तीस फेरे होतात. चाळीस दांत्यांचें पातें असल्यास चौदाशेंहून अधिक दांते त्या जागेवरून जातात. हातकरवत निसटली तर दोन-तीन दांते लागतात, माणूस हात झटकतो, चिंधी बांधतो व पुन्हां कामास लागतो. हातानें चालणारें हत्यार चुकीची जाणीव करून देतें आणि सांवरावयास वेळही देतें. विजेचें यंत्र जाणीव देतें ती सर्व आटोपल्यावर. म्हणून सावधपणें हात चालवूं, जपून राहूं, ह्या बोलण्याला येथें फारसा अर्थ नाहीं. जी काळजी घ्यावयाची ती खटका दाबण्यापूर्वीं घेऊन चुकली पाहिजे. पुढें जें जें लिहिलें आहे तें ह्या एका गोष्टीचाच विस्तार आहे.

ग्राइंडराविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. तो लांकूड कापण्याचें यंत्र नव्हे. १९५४ सालीं जर्मनींत तो निघाला तो धातु घासण्यासाठीं. त्याची मूळ चकती खरखरीत दगडी, ती हळूहळू झिजते. दांतेरी पातें झिजत नाहीं, तें रुततें. रुतलें कीं फिरण्याचा सारा जोर यंत्राच्या अंगांत उतरतो आणि तें हातांतून उडी मारतें. त्यांतून यंत्र लहान, वजन दीड-दोन किलो, त्यामुळें एका हातानें चालविण्याचा मोह प्रत्येकास होतो. ज्यांना लांकूड कापावयाचें आहे त्यांनीं गोल करवत घ्यावी. ज्यांच्याकडे ग्राइंडर आहे त्यांनीं तो लोखंडासाठीं, बाजूची मूठ लावून, दोन्ही हातांनीं व गार्डासह वापरावा. चकतीवर छापलेला फेऱ्यांचा आंकडा यंत्रावरील आंकड्यापेक्षां कमी असेल तर ती चकती दुकानदारास परत करावी. लोखंड घासतांना उडणाऱ्या ठिणग्या कडब्याच्या गंजीपासून व लांकडाच्या भुशापासून दूर ठेवाव्या हें निराळें सांगावयास नको, परंतु ज्या जागीं सकाळीं लांकूड कापलें त्याच जागीं दुपारीं फाळ घासावयास बसणारे लोक आम्हीं पाहिले आहेत.

गोल करवत हातांत धरण्याजोगी झाली ती शेतीच्याच निमित्तानें, हें ऐकून वाचकांस गंमत वाटेल. अमेरिकेंत लुइझियाना हा उंसाचा मुलूख. तेथें मजूर कोयत्यानें ऊंस तोडीत असतात तें पाहून एडमंड मिशेल नांवाच्या गृहस्थांनीं १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कोयत्याच्या मुठीला लहानशी मोटार व दोन इंची करवतीचें पातें जोडलें. त्याच कल्पनेंतून पुढें सुतारांची विजेची करवत निघाली, आणि १९२४ सालीं जोसेफ सलिव्हन यांच्या भागीदारींत त्यांनीं तिचा कारखाना काढला. आमच्याकडे ऊंसतोडीस अजून कोयताच आहे, पण त्याच्या पोटीं जन्मलेली करवत मात्र खेडोपाडीं पोंचली.

ही करवत चालवितांना आमच्या लोकांची एक जुनी संवय आड येते. आपला सुतार जमिनीवर बसून काम करतो. लांकूड पायाच्या तळव्याखालीं दाबतो, आंगठ्यानें आवळतो, आणि वाकस पायापासून चार बोटांवर चालवितो. ती विद्या थोर आहे, तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तिच्यांत हत्याराचा वेग माणसाच्या मनगटांत असतो. विजेचें यंत्र हातीं घेऊन तीच बैठक चालू ठेवणें मात्र फार धोक्याचें आहे. बसलेल्या माणसाला मागें सरतां येत नाहीं, आणि पाय पात्याच्या रेषेंतच असतो. सबब पहिला खर्च यंत्राचा नव्हे, मेजाचा करावा. कमरेच्या उंचीचें, जड, न हलणारें मेज घरच्याच जुन्या तुळईच्या तुकड्यांतून होतें. त्यावर लांकूड आवळण्यास दोन चांगले क्लॅम्प घ्यावे. लांकूड क्लॅम्पानें धरलें कीं दोन्ही हात यंत्रावर राहतात. आणि जे हात यंत्राच्या मुठीवर आहेत ते पात्याखालीं सांपडूं शकत नाहींत.

करवत उलट कां उसळते तें एकदां समजून घेतलें कीं निम्मे नियम आपोआप सुचतात. हातांतील गोल करवतीचें पातें पुढच्या बाजूस खालून वर फिरतें. तेथें तें लांकडास वर ओढतें व करवतीस लांकडावर दाबून ठेवतें. येथवर ठीक. परंतु पात्याची मागची बाजू आधीं कापलेल्या चिरेंत असते. ती चीर मिटूं लागली, किंवा करवत वांकडी झाली, तर मागचे दांते लांकडांत चिमटले जातात आणि सगळी करवत चिरेंतून वर येऊन चालविणाऱ्याच्या अंगावर धांवते. चीर मिटते कशानें? फळी दोन टोंकांवर टेकून मध्यें कापली म्हणजे मिटते. दोन्ही तुकडे मध्याकडे खचतात व पात्यास चावतात. म्हणून फळीला कापाच्या दोन्ही अंगांस जवळ आधार द्यावा, किंवा कापून पडावयाचा तुकडा बाहेर मोकळा ठेवून त्यास सहज खालीं पडूं द्यावें. ओलें लांकूडही चीर मिटवितें. नुकतें तोडलेलें बाभळीचें किंवा आंब्याचें लांकूड ह्या यंत्राखालीं घालूं नये. तें वर्षभर सांवलींत वाळवावें, नाहींतर हातकरवतीनें कापावें. पातें लांकडाच्या खालच्या बाजूस एका दांत्यापुरतेंच बाहेर यावें इतकी खोली बांधावी. तीन इंच पातें खालीं लोंबत ठेवण्यांत कांहींच पुरुषार्थ नाहीं. करवतीच्या सरळ रेषेंत उभें न राहतां किंचित् डावीकडे राहावें. खालचें हलतें आच्छादन काम झाल्याबरोबर आपोआप मिटतें. तें वर बांधून ठेवणारे लोक आहेत. त्यांना आम्ही काय सांगणार? आमचाही गार्ड एकदां खिळ्यांच्या डब्यांत पडला होता.

जुन्या वाड्याचें सागवान स्वस्त मिळतें व तें उत्तमही असतें, पण त्यांत शंभर वर्षांचे खिळे दडलेले असतात. कापण्यापूर्वीं फळीवरून एक बळकट लोहचुंबक फिरवावा. आमच्याकडे जुन्या ध्वनिक्षेपकांतून काढलेला एक आहे, त्यानें आजवर मूठभर खिळे धरून दिले आहेत.

हल्लीं आणखी एक प्रकार बोकाळला आहे. फरशी कापण्याचें यंत्र किंवा गोल करवत प्लायवुडच्या फळीखालीं उलटी आवळतात, पातें वरून बाहेर काढतात, खटका दोरीनें बांधून टाकतात, आणि झाली टेबल-करवत तयार. ह्या करवतीवर लांकूड हातांनीं पात्याकडे ढकलावें लागतें, म्हणजे येथें यंत्र स्थिर व हात चालते, हाच मोठा फरक. कारखान्याच्या चांगल्या टेबल-करवतीस पात्याच्या मागें एक पोलादी पट्टी असते. ती चिरेंत शिरून चीर मिटूं देत नाहीं. घरच्या जुळणींत ती नसते. मग मागून वर येणारे दांते फळी उचलून चालविणाऱ्याच्या पोटावर फेंकतात, आणि फळीबरोबर पुढें गेलेला हात पात्यावर येतो. अमेरिकेसारख्या सुधारलेल्या देशांतही टेबल-करवतीनें दरवर्षीं सुमारें तीस हजार लोक दवाखान्यांत जातात व चार हजारांच्या आसपास लोकांचीं बोटें वगैरे तुटतात, असा तेथील सरकारी ग्राहक-सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. तेथें स्टीव्ह गास नांवाच्या गृहस्थांनीं १९९९ च्या सुमारास एक युक्ति शोधून काढली. पात्यांतून सूक्ष्म विद्युत्‌संदेश सोडलेला असतो. कोरड्या लांकडास तो लागत नाहीं, पण माणसाच्या अंगास लागतांच बदलतो, आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा उसळून पातें सेकंदाच्या दोनशेंव्या हिश्श्यांत अडवितो. बोटास फक्त ओरखडा येतो. यंत्राची किंमत मात्र आपल्या आवांक्याबाहेरची आहे. आमच्यासारख्यांस परवडण्याजोगी युक्ति म्हणजे ढकलकाठी. प्लायवुडाचा हातभर लांब तुकडा, टोंकाला खांच, एवढीच ती. पात्यापासून वीतभर अंतरांत लांकूड आलें कीं हात बाजूला, काठी पुढें. पट्टीसारखें अरुंद लांकूड काठीवांचून कापावयाचेंच नाहीं. आणि खटका दोरीनें बांधलेल्या जुळणीवर तर उभेंच राहूं नये.

विजेच्या रंध्यासंबंधानें थोडक्यांत इतकेंच कीं खटका सोडल्यावरही त्याची धार कांहीं सेकंद फिरत राहते. तो फिरता असतांना मेजावर किंवा मांडीवर टेकवूं नये, आणि भुसा बाहेर येण्याची वाट तुंबली म्हणून तींत बोट घालूं नये. वीतभरापेक्षां आंखूड तुकडा हाताच्याच रंध्यानें साफ करावा. ड्रिल यंत्र सर्वांत गरीब दिसतें, पण गिरमिटाचें टोंक लांकूड फोडून पलीकडे निघतांना अडकतें व मनगट पिरगाळतें. लहान लांकूड हातांत धरून भोक पाडलें तर तें लांकूडच पंख्यासारखें फिरूं लागतें. येथेंही क्लॅम्पच कामास येतो.

पोशाखाबद्दल आमच्या वाचकांनीं रागावूं नये. उपरणें, फेट्याचा शेमला, सैल बाह्या, गळ्यांतील पंचा, मनगटावरील गंडा किंवा राखी, हातांतील कडें, हीं सर्व फिरत्या यंत्राजवळ उतरावीं. घरांतील बायकाही हल्लीं ड्रिल चालवितात, आणि आमच्यापेक्षां सरळ भोक पाडतात. त्यांनीं पदर खोंचावा, वेणी बांधून वर घ्यावी. गंडा कसा काढावा, असा प्रश्न एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस विचारला होता. आम्हीं सांगितलें कीं काम होईपर्यंत देव्हाऱ्यांत ठेवावा. कापडी हातमोजेही घालूं नयेत. हाताच्या रक्षणासाठीं म्हणून ते घालतात, परंतु मोज्याचा धागा पात्यांत गुंतला कीं तो मोज्यासह हात ओढून नेतो. डोळ्यांवर बाजूनेंही बंद असलेला चष्मा मात्र हवाच, आणि कानांत बोळे किंवा कर्णकवच हवें. करवतीचा आवाज शंभर डेसिबलच्या घरांत जातो, आणि बहिरेपण येतें तें इतक्या हळू येतें कीं घरचीं माणसें हळू बोलूं लागलीं असेंच प्रथम वाटतें.

आतां विजेकडे वळूं. आमच्या कामशाळेंत दुसरा एक प्रसंग घडला, त्यांत देवदयेनें कोणास इजा झाली नाहीं. एके सकाळीं काम चालू असतां वीज गेली. आमच्या यंत्राला खटका दाबून तसाच अडकवून ठेवण्याची सोय होती. यंत्र बंद पडलें, आम्हीं तें मेजावर ठेवलें व चहास गेलों. खटका अडकलेलाच होता. अर्ध्या तासानें वीज आली. यंत्र मेजावरून धांवत सुटलें, खालीं पडलें, आणि स्वतःची वायर गुंडाळीत कालवडीच्या पायाजवळ जाऊन थांबलें. तेव्हांपासून वीज गेली कीं प्रथम खटका सोडतों, मग खुंटी सॉकेटांतून काढतों, मग दुसरें काम. शेतकऱ्यांस ही गोष्ट पंपाच्या उदाहरणानें चटकन समजेल. पंपाच्या स्टार्टरमध्यें वीज जातांच सुटणारी व परत आली तरी आपण दाबल्यावांचून न लागणारी कळ असते. रात्रीं वीज आल्यावर पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून आपण तिच्यावर ऑटो स्विच बसवितों. पंपाला तो सोयीचा असेल, पण करवतीस नेमकें उलट पाहिजे. टेबल-करवत वापरणारानें पंपाच्या स्टार्टरसारखीच, वीज जातांच सुटून पडणारी कळ तिला बसवून घ्यावी, आणि ऑटो स्विच तिच्या वाऱ्यासही उभा करूं नये. पातें बदलतांना, खोली बांधतांना, अडकलेला तुकडा काढतांनाही खुंटी सॉकेटाबाहेर असावी. केवळ भिंतीवरचें बटण बंद करून भागत नाहीं. तें बटण दुसरें कोणीही, विशेषतः लहान नातू, दाबूं शकतो.

सॉकेटांत उघड्या तारा खुपसून वर आगपेटीच्या काड्या ठोंचण्याची रीत आमच्या गांवांतून अद्याप गेलेली नाहीं. ह्या रीतींत यंत्राची तिसरी तार, म्हणजे जमिनीस जोडावयाची, ती नेमकी लोंबत राहते. ज्या यंत्रावर एका चौकोनांत दुसरा चौकोन अशी खूण छापलेली असते, त्यांत दुहेरी वेष्टन असल्यानें तिसरी तार नसते. बाकीच्यांस ती पाहिजेच, व ती नळाच्या पाइपाला नव्हे तर जमिनींत पुरलेल्या योग्य अर्थिंगला जोडलेली पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी आहे कीं घरांत एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित आहों. एमसीबी हें तारा जळूं नयेत म्हणून असतें. माणसाच्या अंगांतून गळणारा प्रवाह त्यास दिसतच नाहीं. साठ वॅटच्या जुन्या दिव्यांतून सुमारें २६० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. त्याच्या नवव्या हिश्श्याएवढा, म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या पलीकडे प्रवाह माणसाच्या छातींतून थोडा वेळ जरी गेला तरी जीव धोक्यांत येतो. तेवढी गळती होतांच क्षणांत वीज तोडणारें उपकरण आरसीसीबी नांवानें मिळतें. ३० मिलिअँपिअरचें घ्यावें. त्यावर तपासणीचें एक बटण असतें, तें दर महिन्यास दाबून पाहावें. दाबल्यावर वीज गेली नाहीं तर उपकरण निकामी झालें असें समजावें.

घरापासून गोठ्यापर्यंत शंभर फूट बारीक वायर ओढली तर शेवटीं दाब कमी पडतो. यंत्र मंदावतें, पातें लांकडांत अडतें, मोटार तापते, आणि माणूस अधिक जोर लावतो. हा अधिक जोरच अपघाताचें मूळ होतो. वायर जाड घ्यावी, आणि गुंडाळीवरची असेल तर सगळी उलगडून वापरावी. गुंडाळलेली वायर आंतल्या आंत तापते. पावसाळ्यांत गोठ्याची जमीन ओली असते, त्या दिवसांत पायाखालीं लांकडी फळी व पायांत रबरी तळाची वहाण असल्यावांचून आम्ही यंत्रास हात लावीत नाहीं.

भुशाचा प्रश्न लोक हंसण्यावारी नेतात. सुतार काय आज भुसा खातात, असें म्हणतात. इंग्लंडांत हाय विकम म्हणून खुर्च्या-टेबलें करणाऱ्या कारागिरांचें गांव आहे. तेथील नाक-कान-घशाच्या शल्यचिकित्सक एस्मे हॅडफील्ड यांना आपल्या दवाखान्यांत नाकाच्या आंतल्या पोकळीचा कर्करोग सुतारांत वारंवार आढळूं लागला. त्यांनीं डोनाल्ड अॅचेसन प्रभृतींबरोबर त्याचा छडा लावला व १९६८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढें १९९५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें लांकडाची धूळ निश्चितपणें कर्करोगकारक ठरविली. ते कारागीर जन्मभर धुळींत काम करणारे होते. आठवड्यांतून एक दिवस काम करणाऱ्या शेतकऱ्यानें भयभीत होण्याचें कारण नाहीं. पण विजेच्या घासणीयंत्राची धूळ करवतीच्या भुशापेक्षां फार बारीक असते व तीच खोल जाते. काम उघड्यावर किंवा वाऱ्याच्या झोतांत करावें, आणि नाकावर रुमाल न बांधतां धुळीसाठीं केलेला मुखपट्टा बांधावा. शिसवाच्या धुळीनें पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते. बिब्ब्याच्या लांकडाच्या वाटेस जाऊंच नये.

आतां भाच्याच्या हकीकतीचा राहिलेला भाग. अपघात होतांच घरांत आरडाओरड झाली. कोणी जखमेवर हळद व कॉफीची पूड दाबली. तुटलेलीं पेरें भुशांत सांपडलीं. तीं धुवून, पुण्याच्या बाजूस बोटें जोडतात असें ऐकून, कोणी शहाण्यानें शीतपेटींतल्या बर्फाच्या खड्यांत तशींच पुरलीं. जिल्ह्याच्या गांवीं पोंचेपर्यंत तीं गोठून पांढरीं झालीं होतीं, आणि डॉक्टरांनीं मान हलविली. त्यांनीं आम्हांस समजावून सांगितलें तें असें. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबावें व हात छातीच्या वर उंच धरावा. पूड, चुना, हळद कांहीं घालूं नये. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडांत गुंडाळावा, पाणी शिरणार नाहीं अशा प्लॅस्टिकच्या पिशवींत बंद करावा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यांत ठेवावी. बर्फ मांसास प्रत्यक्ष लागतां कामा नये. अशा रीतीनें थंड ठेवलेलें बोट कित्येक तासपर्यंत जोडण्याजोगें राहूं शकतें. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि बोट जोडणारे शल्यचिकित्सक जेथें असतील अशाच रुग्णालयीं नेण्यास सांगावें. दोन-तीन ठिकाणीं फिरण्यांत वेळ जातो. हा मजकूर आम्हीं मोठ्या अक्षरांत लिहून कामशाळेच्या दारामागें चिकटविला आहे, व त्याखालीं एक स्वच्छ कापड आणि दोन पिशव्या खुंटीस टांगल्या आहेत.

गार्ड त्याच दिवशीं रात्रीं खिळ्यांच्या डब्यांतून शोधून काढून बसविला. दांतेरी पातें मोडून भंगारांत घातलें. गेल्या दिवाळींत भाचा मधमाशांच्या पेट्या करावयाच्या म्हणून करवत मागावयास आला. आम्हीं करवत दिली, बरोबर दोन क्लॅम्प व ढकलकाठी दिली, आणि पहिल्या दिवशीं त्याच्या घरीं जाऊन उभे राहिलों. त्यानें वायर उलगडली, हातांतील कडें काढून कोनाड्यांत ठेवलें, फळी आवळली, आरसीसीबीचें बटण दाबून पाहिलें. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "मामा, तुम्ही जरा पात्याच्या रेषेंतून बाजूला व्हा."